तेरा दिवसांचा आकाशवीर : लेफ्टनंट इंद्रलाल रॉय

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



उत्तर फ्रान्समध्ये एस्तव्हेल नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावाच्या दफनभूमीत एका तरुण वैमानिकाची समाधी आहे आणि तिच्यावर बंगाली लिपीत एक ओळ कोरलेली आहे. ही महावीराची समाधी आहे, तिचा मान राखा, तिला स्पर्श करू नका, असा त्या ओळीचा आशय आहे. फ्रान्सच्या मातीत, बंगालपासून हजारो मैल दूर, बंगालीत कोरलेली ही ओळ ज्याच्या नावे आहे, त्या वीराचे वय मृत्युसमयी १९ वर्षे, ७ महिने आणि २० दिवस होते. त्याचे नाव इंद्रलाल रॉय.

हवाई युद्धात शत्रूची पाच किंवा अधिक विमाने पाडणाऱ्या वैमानिकाला ‘एस’ म्हणतात. हा शब्द पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी रूढ केला. पत्त्यांच्या डावातला जो एक्का, तोच हा. या प्रचलित मोजणीने ‘एक्का’ ठरलेला भारतीय वैमानिक म्हणून आजही इंद्रलाल रॉय यांचेच नाव घेतले जाते. त्यांच्या खात्यावर दहा विजय आहेत आणि ते दहाही विजय जुलै १९१८ मधल्या जेमतेम दोन आठवड्यांतले आहेत. तरीही हे नाव उच्चारले की आपल्यातील बहुतेकांच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह उमटते. याचे कारण केवळ विस्मरण नाही. त्या विस्मरणामागे एक अवघडलेपणही आहे. हा तरुण लढला तो युनियन जॅकखाली. मग त्याला आपला म्हणावे की नाही? या प्रश्नाला बगल देऊन त्याचे चरित्र सांगणे योग्य होणार नाही. परंतु उत्तराकडे जाण्यापूर्वी ते चरित्र नीट पाहिले पाहिजे.

घराणे आणि घडण

इंद्रलाल यांचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कोलकात्यात झाला. घराणे मूळचे बारिसाल जिल्ह्यातील लाकुटियाचे. तो भाग आज बांगलादेशात आहे. वडील पियारीलाल रॉय हे बॅरिस्टर होते. मातोश्री ललिता रॉय यांचे वडील डॉ. सूर्यकुमार गुडीव्ह चक्रवर्ती हे पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या पहिल्या काही भारतीयांपैकी एक. इंद्रलाल यांना विद्येचा वारसा असा दोन्हीकडून मिळाला होता.

१९०१ च्या सुमारास ललिताबाई आपल्या सहा मुलांसह लंडनला वास्तव्यास आल्या. त्या केवळ मुलांच्या शिक्षणासाठी परदेशी राहिलेल्या गृहिणी नव्हत्या. स्त्रियांना मताधिकार मिळावा यासाठी लंडनमध्ये जी चळवळ चालू होती, तिच्या १७ जून १९११ च्या भव्य मिरवणुकीत भारतीय स्त्रियांचा एक गट साडी नेसून सहभागी झाला होता. त्या गटात ललिताबाई होत्या. परक्या राजधानीच्या रस्त्यावर, परक्यांच्या नजरांसमोर, आपल्या वेषात आणि आपल्या नावाने चालणारी ही माता. तिच्या पोटी जन्मलेली मुले भित्री निपजली असती तरच नवल! थोरला मुलगा परेशलाल पहिल्या महायुद्धात लढून परतला आणि पुढे भारतीय मुष्टियुद्धाचा जनक म्हणून ओळखला गेला. धाकट्या इंद्रलालला घरात ‘लॅडी’ म्हणत. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘पोरगा’ असाच आहे.

इंद्रलाल लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकत असताना, ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्धाला तोंड फुटले. तेव्हा त्यांना सोळावेही पुरे झाले नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर विद्यापीठाची वाट मोकळी होती. त्यांनी मात्र दुसरी वाट धरली.

पहिला नकार

त्या काळी विमान ही नवलाईची गोष्ट होती. राइट बंधूंचे पहिले उड्डाण होऊन पुरती चौदा वर्षेही झाली नव्हती. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, उघडी बैठक आणि समोर गरगरणारा पंखा, असे ते यंत्र. ब्रिटिश वैमानिकांना हवाई छत्रीही दिली जात नसे. विमानाने पेट घेतला तर आगीत जळायचे की खाली उडी टाकायची, एवढीच निवड उरे. एप्रिल १९१७ मध्ये ब्रिटिश हवाई दलाची एवढी हानी झाली की इतिहासात तो महिना ‘रक्तरंजित एप्रिल’ म्हणून नोंदला गेला. नेमक्या त्याच महिन्यात अठरा वर्षांचे इंद्रलाल रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले.

ते दाखल झाले खरे, पण सहजासहजी नव्हे. पहिल्या वैद्यकीय तपासणीत त्यांची दृष्टी सदोष ठरवून त्यांना नाकारण्यात आले. हा नकार ऐकून इंद्रलाल घरी बसले नाहीत. त्यांनी आपली मोटारसायकल विकली, आलेल्या पैशांतून लंडनमधल्या एका नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले आणि त्या अभिप्रायाच्या बळावर पहिला निर्णय बदलून घेतला. एखाद्या तरुणाला मोटारसायकल किती जिवाभावाची असते, हे या सभागृहातील तरुणांना वेगळे सांगायला नको. ती विकली गेली, ती मृत्यूशी रोज गाठ पडेल अशा जागी जाण्याची परवानगी मिळावी म्हणून!

५ जुलै १९१७ रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला. या तारखेचे महत्त्व जरा थांबून लक्षात घ्यावे. त्या दिवसापर्यंत ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी सैन्यात लढाऊ शाखेतील राजाची सनद भारतीयांना बंद होती. वीस-वीस वर्षे चाकरी केलेल्या, छातीवर पदके मिरवणाऱ्या सुभेदारालाही काल आलेल्या कोवळ्या गोऱ्या लेफ्टनंटसमोर टाचा जुळवाव्या लागत. ही बंदी उठविण्याची घोषणा माँटेग्यू यांनी लंडनच्या पार्लमेंटमध्ये केली ती २० ऑगस्ट १९१७ रोजी आणि त्या वेळीही सनदा मिळाल्या अवघ्या नऊ जणांना. जमिनीवरच्या सैन्याने जे दार बंद ठेवले होते, ते आकाशातल्या सैन्यात थोडेसे किलकिले झाले होते. याचे कारण औदार्य नव्हे. आकाशात माणसे फार झपाट्याने मरत होती.

आकाशातले चौघे

त्या किलकिल्या दारातून आत गेलेले भारतीय वैमानिक मोजकेच होते. इंद्रलाल यांच्यासह चौघांची नावे आवर्जून घेतली जातात. पहिले सरदार हरदित सिंग मलिक. यांनी विमानातही पगडी उतरवली नाही, पगडीवर बसेल असे मोठे शिरस्त्राण करवून घेतले. ऑक्टोबर १९१७ मधल्या एका लढाईत त्यांच्या पायात गोळ्या घुसल्या, त्या जन्मभर तशाच राहिल्या. पुढे ते स्वतंत्र भारताचे कॅनडातील पहिले उच्चायुक्त आणि फ्रान्समधील राजदूत झाले. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले. दुसरे एरॉल सेन. ते १९१७ च्या सप्टेंबरमध्ये शत्रूच्या हाती लागले आणि युद्धकैदी झाले.

तिसरे आपल्या मुंबईचे, श्रीकृष्ण वेलिणकर. केंब्रिजला शिकलेला हा तरुण २३ व्या स्क्वाड्रनमध्ये ‘डॉल्फिन’ विमान चालवत असे. जून १९१८ च्या अखेरीस तो उड्डाणावरून परतला नाही. जखमी अवस्थेत शत्रूच्या हाती लागून त्याचा अंत झाला. फ्रान्समध्येच त्याची समाधी आहे. मुंबईत ते नाव किती जणांना ठाऊक आहे? चौघांत चौथे इंद्रलाल. चार तरुणांपैकी दोघे फ्रान्सच्या भूमीत कायमचे राहिले, एक कैदेत गेला, एक जखमा अंगावर वागवत परतला. हे प्रमाणच त्या युद्धाविषयी सारे काही सांगून जाते.

दुसरा नकार

फ्रान्समधील व्हांदोम येथे उड्डाणाचे आणि स्कॉटलंडमधील टर्नबेरी येथे हवाई नेमबाजीचे शिक्षण घेऊन इंद्रलाल ३० ऑक्टोबर १९१७ रोजी ५६ व्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाले. हे ब्रिटिश हवाई दलातील अत्यंत नामांकित पथक. तेथे ते कॅप्टन रिचर्ड मेबरी यांच्या तुकडीत होते. हाती विमान आले ‘एस. ई. ५ ए’. सुमारे २०० अश्वशक्तीचे इंजिन आणि ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेग. एक मशीनगन पंख्याच्या फिरत्या पात्यांमधून अचूक वेळ साधून गोळ्या झाडे. दुसरी वरच्या पंखावर बसवलेली असे. या दुसऱ्या मशीनगनचा गोळ्यांचा डबा संपला की वैमानिकाने उघड्या बैठकीत, बोचऱ्या वाऱ्यात, हात वर करून ती मशीनगन रुळावरून खाली ओढायची, डबा बदलायचा आणि पुन्हा वर ढकलायची. तेवढ्या वेळात विमानही सांभाळायचे आणि मागे शत्रू आहे का तेही पाहायचे.

६ डिसेंबर १९१७ रोजी, म्हणजे एकोणिसावा वाढदिवस होऊन चार दिवस लोटतात तोच, इंद्रलाल यांचे विमान कोसळले. ते गंभीर जखमी झाले. याविषयी एक कथा सांगितली जाते. त्यांना मृत समजून शवागारात ठेवण्यात आले, शुद्धीवर आल्यावर त्यांनी आतून दार ठोठावले आणि बाहेरच्या माणसाची भीतीने गाळण उडाली, अशी ती कथा. तिचा तपशील तंतोतंत कसा होता हे बाजूला ठेवले, तरी अपघात जीवघेणा होता हे निश्चित. आणि दैवाचा खेळ असा की, रुग्णालयात पडलेले इंद्रलाल वाचले, पण त्यांचे तुकडीप्रमुख मेबरी अवघ्या तेरा दिवसांनी, १९ डिसेंबर रोजी लढताना मारले गेले.

दुखणाइताच्या त्या दिवसांत इंद्रलाल विमानांची रेखाचित्रे काढत असत. त्यांतील कित्येक आजही टिकून आहेत. ज्या यंत्राने जवळजवळ प्राण घेतला, तेच यंत्र हा तरुण अंथरुणावर पडल्या पडल्या पुनःपुन्हा कागदावर उतरवत होता. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्यांना उड्डाणास अपात्र ठरवले. हा दुसरा नकार. सन्मानाने घरी परतण्याची ही संधी होती. कोणी नावे ठेवली नसती. आईने तर देव पाण्यातून काढले असते! इंद्रलाल यांनी मात्र फेरतपासणीसाठी सतत पाठपुरावा केला, पात्रतेचा दाखला मिळवला आणि जून १९१८ मध्ये ४० व्या स्क्वाड्रनमधून ते पुन्हा आघाडीवर दाखल झाले. मधल्या काळात, १ एप्रिल १९१८ रोजी, रॉयल फ्लाइंग कोअरचे रूपांतर रॉयल एअर फोर्समध्ये झाले होते.

तेरा दिवस

४० व्या स्क्वाड्रनमध्ये त्यांचे तुकडीप्रमुख होते कॅप्टन जॉर्ज मॅकेलरॉय. चाळीसहून अधिक विजय नावावर असलेला हा आयरिश वीर त्या युद्धातील अग्रगण्य वैमानिकांपैकी एक. पहिल्या खेपेला हवाई लढाईचे मर्म हाती येण्याआधीच इंद्रलाल जायबंदी झाले होते. या खेपेला त्यांना गुरू लाभला. उंची राखणे, सूर्य पाठीशी ठेवणे, शत्रू नजरेस पडला म्हणून लगेच झेप न घेता आधी आजूबाजूचे आकाश निरखणे आणि अगदी जवळ गेल्याशिवाय गोळी न झाडणे, हे त्या काळच्या हवाई लढाईचे व्याकरण होते. शूर माणूस ते शिकला नाही तर त्याचे शौर्य आठवडाभरही टिकत नसे.

६ जुलै १९१८ रोजी द्रोकूर गावावर इंद्रलाल यांनी पहिले विमान पाडले. ते ‘हानोव्हर’ जातीचे दोन आसनी विमान होते. या विमानात मागे तोंड करून बसलेला मशीनगनधारी असे आणि त्याला मागचा नेम मोकळा मिळावा म्हणून विमानाचे शेपूट मुद्दाम आखूड, दुपंखी बनवलेले असे. त्यामुळे पाठीमागून येणाऱ्याची गाठ थेट मशीनगनशी पडे. अशा विमानावर पहिला विजय मिळवणे ही नवशिक्याची सुरुवात नव्हती.

८ जुलै रोजी चार तासांच्या अवधीत तीन विमाने. १३ जुलै रोजी दोन, आणि त्या दिवशी पाचाचा आकडा ओलांडून ते ‘एक्का’ झाले. १५ जुलै रोजी आणखी दोन, आणि ती दोन्ही ‘फोकर डी ७’ जातीची. हे त्या वर्षीचे जर्मनीचे सर्वोत्कृष्ट लढाऊ विमान. युद्ध संपताना तहाच्या कलमांत त्याचे नाव स्वतंत्रपणे घालून, ही सर्व विमाने स्वाधीन करावीत अशी अट दोस्तांनी घातली होती, एवढी त्याची धास्ती होती. १८ जुलै रोजी एक आणि १९ जुलै रोजी कान्यीकूर गावावर एक. एकूण दहा. यांतील दोन विजय सहकाऱ्यांसह वाटून घेतलेले आहेत.

त्यांना मरणोत्तर मिळालेल्या सन्मानपत्रात तेरा दिवसांत नऊ विमाने असा उल्लेख आहे आणि इतिहासात दहा विजय नोंदलेले आहेत. वाचणारा गोंधळतो. तारखा मांडून पाहिल्या की उलगडा होतो. ६ ते १८ जुलै हे तेरा दिवस आणि त्यांतली विमाने बरोबर नऊ. दहावे चौदाव्या दिवशीचे. आपल्या वीरांची चरित्रे सांगताना एवढी काटेकोर मांडणी करण्याची सवय आपणही लावून घ्यायला हवी.

कारण तसे केले नाही की दंतकथा शिरतात. इंद्रलाल जेथे पडले तेथे जर्मनीचा सुप्रसिद्ध ‘रेड बॅरन’ रिख्टहोफेन याने विमानातून पुष्पचक्र टाकून आदरांजली वाहिली, असा एक किस्सा आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. ऐकायला गोड आहे. परंतु रिख्टहोफेन २१ एप्रिल १९१८ रोजीच मारला गेला होता. इंद्रलाल गेले ते त्यानंतर तीन महिन्यांनी. मेलेल्या माणसाकडून पुष्पचक्र घेण्याची गरज इंद्रलालना नाही. शत्रूने वाखाणल्याशिवाय आपला माणूस मोठा ठरत नाही, ही समजूत आपल्या मनातून निघायला हवी.

२२ जुलै १९१८. कार्व्हां गावावरच्या आकाशात २९ व्या जर्मन लढाऊ पथकाच्या फोकर विमानांशी झुंज झाली आणि इंद्रलाल यांचे विमान कोसळले. दहाव्या विजयानंतर तिसरा दिवस. शस्त्रसंधी झाली ती त्यानंतर ११२ दिवसांनी. इंद्रलाल यांचे एकूण उड्डाण अवघे १७० तासांचे आहे. त्यांचे गुरू मॅकेलरॉय हेही ३१ जुलै रोजी, नवव्या दिवशी, परतले नाहीत.

सप्टेंबर १९१८ मध्ये इंद्रलाल यांना मरणोत्तर ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ जाहीर झाला. हे पदक त्याच वर्षीच्या जूनमध्ये सुरू झाले होते आणि ते मिळवणारे इंद्रलाल हे पहिले भारतीय.

तो कोणासाठी लढला?

आता त्या अवघड प्रश्नाकडे वळले पाहिजे. ज्या बंगालने इंद्रलाल दिले, त्याच बंगालने त्याच काळात खुदिराम बोस दिले. अठराव्या वर्षी, ११ ऑगस्ट १९०८ रोजी ते फासावर गेले. त्याच बंगालचे बाघा जतीन सप्टेंबर १९१५ मध्ये बालासोरच्या चकमकीत इंग्रजांशी लढताना धारातीर्थी पडले. एकाच मातीतले तरुण. काही इंग्रजांवर गोळी झाडत होते आणि एक इंग्रजांच्या बाजूने. इंद्रलाल यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल आणि खुदिराम, जतीन यांच्यावर अन्यायही होईल. इंद्रलाल साम्राज्याच्या सैन्यात स्वेच्छेने गेले होते. ते जसे होते तसेच त्यांना स्वीकारले पाहिजे.

परंतु ते जे करून गेले, त्याचा अर्थ साम्राज्याच्या हिशेबात मावणारा नव्हता. इंग्रजांनी १८५७ नंतर एक सिद्धान्त पद्धतशीरपणे रुजवला होता. हिंदुस्थानात काही जाती लढवय्या आणि बाकीच्या निसर्गतःच दुबळ्या, असा तो ‘लढाऊ जातीं’चा सिद्धान्त. बंगाली माणूस तर त्यांच्या लेखी भित्रेपणाचा नमुनाच. शाळेच्या पुस्तकांपासून सरकारी अहवालांपर्यंत हे इतक्यांदा लिहिले गेले की आपल्यातल्याच कित्येकांना ते खरे वाटू लागले. महाराष्ट्रालाही याचा चटका बसला आहे. शिवकाळापासून तलवार गाजवणाऱ्या महार समाजाची सैन्यभरती १८९२ च्या सुमारास याच विचारसरणीतून बंद करण्यात आली. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली आणि युद्ध संपताच ती मोडीतही काढली गेली. गरज असेल तेव्हा शूर, गरज सरली की अपात्र!

या सिद्धान्ताला वादविवादाने उत्तरे देणारे पुष्कळ होते. एकोणीस वर्षांच्या एका बंगाली मुलाने ते आकाशात जाऊन दिले. तेथे जात, वंश, गोरा, काळा यांपैकी कशालाच अर्थ नव्हता. समोर होता त्या युगातला सर्वांत प्रगत वैरी आणि हातात होते तेच यंत्र, जे कोणाही इंग्रजाच्या हाती होते. दोघांत जो अधिक सावध, अधिक निडर आणि अधिक कुशल, तो वाचे. दहा वेळा इंद्रलाल अधिक कुशल ठरले. लंडनच्या राजपत्रात ते छापून आले. त्यानंतर ‘बंगाली लढू शकत नाही’ हे वाक्य साम्राज्याच्याच कागदपत्रांनी खोडून काढले होते.

लोकमान्य टिळकांनी हे मर्म अचूक ओळखले होते. १९१८ मध्ये सैन्यभरतीचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा लोकमान्यांनी गांधीजींकडे ५० हजार रुपयांचा धनादेश पाठवला. महाराष्ट्रातून ५ हजार जवान देतो, न दिले तर ही रक्कम जप्त करा. मात्र भारतीयांना सैन्यात अधिकारपदे मिळतील असे वचन आधी सरकारकडून घ्या, अशी त्यांची अट होती. सशर्त मदत गांधीजींना मान्य नव्हती, त्यांनी धनादेश परत केला. त्या वादात कोण बरोबर, हा आजचा विषय नाही. लोकमान्यांचे म्हणणे इतकेच होते की, रक्त सांडायचे असेल तर ते शिपायाच्या दर्जाने नव्हे, अधिकाऱ्याच्या दर्जाने सांडले पाहिजे. कारण उद्या स्वतःचे सैन्य चालवायचे आहे.

साम्राज्याने या रक्ताची काय किंमत केली? पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक सागरापार गेले, सुमारे ७४ हजार परतले नाहीत. इंद्रलाल यांच्या मृत्यूला नऊ महिने होतात तोच, १३ एप्रिल १९१९ रोजी, जालियनवाला बागेत त्याच साम्राज्याने नि:शस्त्र माणसांवर गोळ्या चालवल्या. ज्यांच्या पदराखाली न्याय मिळेल असे वाटले, त्यांनीच पदर झटकला. इंद्रलाल यांना हे पाहावे लागले नाही. पाहिले असते तर त्यांनी काय केले असते, याविषयी तर्क करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पुढची वाट

पुढे काय घडले ते मात्र आपण पाहू शकतो. भारतीय वैमानिक लढू शकतो, ही गोष्ट त्या चौघांनी सिद्ध करून ठेवली होती. तरीही दार पूर्ण उघडायला आणखी चौदा वर्षे जावी लागली. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची स्थापना झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी पहिले स्क्वाड्रन उभे राहिले. सुरुवातीला चार ‘वापिती’ विमाने आणि क्रॅनवेलला शिकून आलेले मूठभर तरुण भारतीय अधिकारी, एवढाच तो पसारा होता. त्या मूठभरांत बंगालचे सुब्रतो मुखर्जी होते. १ एप्रिल १९५४ रोजी तेच स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

१९९८ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने इंद्रलाल यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. कोलकात्यात भवानीपूर भागात त्यांच्या नावाचा एक रस्ता आहे. तिकीट, रस्ता आणि परदेशातली एक समाधी, एवढी त्यांची दृश्य स्मारके.

आपल्या घरांतून आज अनेक मुले एनडीएच्या, हवाई दलाच्या निवडमंडळापुढे जातात. कोणाची दृष्टी आडवी येते, कोणाची उंची, कोणाचा एखादा गुण. नापसंतीचे पत्र हाती पडले की घरात सुतक पडल्यासारखी शांतता पसरते. अशा वेळी त्या मुलाला इंद्रलाल यांची गोष्ट जरूर सांगावी, पण ती दहा विमानांपासून सुरू करू नये. डोळे नापास झाले आणि मोटारसायकल विकली गेली, तेथून ती सुरू करावी. विमान कोसळले, अपात्रतेचा शिक्का बसला आणि रुग्णालयातल्या अंथरुणावर चित्रांच्या कागदांचा ढीग साठत गेला, ते सांगावे. दहा विजयांना दोन आठवडे लागले. त्या दोन आठवड्यांपर्यंत पोहोचायला दोन नकार पचवावे लागले आणि एक अख्खे वर्ष खर्ची पडले. प्रत्येकाला आकाश मिळेलच असे नाही, पण नकारानंतर पुन्हा दार ठोठावणे प्रत्येकाच्या हातात आहे.

आणि येत्या २२ जुलैला, जमेल त्यांनी, आपापल्या गावच्या शाळेत, वाचनालयात दोन नावे फळ्यावर लिहावीत. बारिसालचे इंद्रलाल रॉय आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. समोर बसलेल्या मुलांपैकी एखादे तरी विचारील, हे कोण होते? त्याला उत्तर देता यावे, एवढी तयारी आपण आज येथून घेऊन जाऊ या.